कल्याणचे ग्रीक साक्षीदार: कुणाचे किती मानायचे?

कल्याणच्या इतिहासावरचा लेख असो, संस्थेची स्मरणिका असो किंवा समारंभातले भाषण, त्यात एक वाक्य हमखास येते: दोन हजार वर्षांपूर्वी या बंदरात ग्रीक जहाजे येत होती. वाक्य खोटे नाही. पण ज्या ग्रीक ग्रंथाच्या भरवशावर ते केले जाते, त्या ग्रंथातला कल्याणविषयीचा मजकूर निराळेच काही सांगतो. कल्याण हे एके काळी रीतसर खुले बंदर होते, पुढे तेथे मोठी आडकाठी आली आणि आता चुकून तिकडे वळलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, असे तो म्हणतो. आपण ज्याला भरभराटीचा दाखला समजतो, तो मुळात नाकेबंदीचा दाखला आहे.

अर्धे वाक्य उचलायचे आणि अडचणीचे अर्धे गाळायचे, ही सवय कल्याणपुरती नाही. पण ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात जुन्या वास्तू नवीन इमारतींखाली झपाट्याने नाहीशा होत असताना कागदावरचा आणि दगडावरचा पुरावा नीट वाचणे ही चैन राहिलेली नाही. म्हणून कल्याणबद्दल बोलणारे प्राचीन ग्रीक लेखक कोण, त्यांना माहिती कुठून मिळाली, त्यांचे हितसंबंध काय होते आणि घरच्या शिलालेखांशी त्यांचा मेळ कितपत बसतो, याचा हा आढावा.

सॉक्रेटिसच्या निमित्ताने घडलेली कसोटी

ग्रीक साधने कशी तोलायची याचा चांगला धडा एका तत्त्वज्ञाच्या निमित्ताने मिळतो. सॉक्रेटिसने स्वतः काही लिहून ठेवले नाही. इ. स. पूर्व ३९९ मध्ये त्याला मृत्युदंड झाला. त्याच्या हयातीतली महत्त्वाची साक्ष अॅरिस्टोफेनिसच्या प्रहसनाची, ते इ. स. पूर्व ४२३ मध्ये रंगमंचावर आले आणि त्यात सॉक्रेटिसची यथेच्छ टिंगल आहे. प्लेटो आणि झेनोफन हे दोघे त्याच्या सहवासातले, पण त्यांनी लिहिले ते त्याच्या मृत्यूनंतर. खटला चालला तेव्हा झेनोफन अथेन्समध्येच नव्हता. शेवटच्या दिवशी तुरुंगात आपण आजारपणामुळे हजर नव्हतो, हे प्लेटोने स्वतःच नोंदवले आहे. अॅरिस्टॉटल तर सॉक्रेटिस गेल्यावर पंधरा वर्षांनी जन्मला.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन विचारवंत श्लायरमाखर याने झेनोफनच्या साध्यासुध्या सॉक्रेटिसवर शंका घेतली आणि तेव्हापासून हा वाद चालू आहे. त्यातून निघालेले शहाणपण मात्र पक्के आहे. साक्षीदार जवळचा म्हणून आपोआप खरा ठरत नाही आणि विरोधक म्हणून आपोआप खोटा ठरत नाही. त्याने हे पाहिले, ऐकले की रचले; ते सांगण्यात त्याचा काय लाभ होता; आणि त्याच्याशी संबंध नसलेला दुसरा कुणी तेच सांगतो का, हे प्रत्येक विधानाला स्वतंत्रपणे विचारावे लागते. कल्याणच्या साक्षीदारांनाही हेच प्रश्न विचारायचे आहेत.

निनावी व्यापारी

पहिला आणि सर्वांत मोलाचा साक्षीदार म्हणजे सुरुवातीला उल्लेखलेल्या ग्रंथाचा, ‘पेरिप्लस’चा कर्ता. तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानच्या किनाऱ्यापर्यंतच्या बंदरांची माहिती देणारे हे ग्रीक भाषेतले छोटेसे पुस्तक पहिल्या शतकाच्या मध्याच्या सुमारास लिहिले गेले. कर्त्याचे नाव ठाऊक नाही. पण इजिप्तमधल्या झाडांचा उल्लेख तो ‘आमच्याकडची’ अशा सुरात करतो, त्यावरून तो इजिप्तमध्ये राहणारा ग्रीक व्यापारी होता हे उघड आहे.

त्याच्या पुस्तकाची एकच मूळ जुनी हस्तलिखित प्रत उरली आहे. ती दहाव्या शतकाच्या आरंभीची असून जर्मनीत हायडेलबर्गला आहे. लंडनची दुसरी प्रत तिच्यावरूनच उतरवलेली असल्याने तिला स्वतंत्र साक्षीचे मोल नाही. मूळ लेखन आणि ही प्रत यांच्यात साडेआठशे वर्षे आहेत. एवढ्या काळात नकलकारांच्या हातून ‘ध’चा ‘मा’ झाला नसता तरच नवल. हिंदुस्थानी राजांची आणि गावांची नावे तर ग्रीक नकलकाराला पूर्ण अपरिचित. त्यामुळे या ग्रंथातल्या विशेषनामांवर इमारत रचताना पाया आधी चाचपून पाहावा लागतो.

या व्यापाऱ्याला स्वतः काय माहीत होते? भडोचबद्दल तो लिहितो तेव्हा अनुभवी माणूस बोलतो आहे हे जाणवते. नर्मदेच्या मुखाशी भरती किती वेगाने चढते, उथळ जागी जहाज कसे अडकते, राजाच्या चाकरीतले स्थानिक नावाडी पुढे येऊन जहाजांना कशी वाट दाखवतात, हे तो बारकाईने सांगतो. मिनँडर आणि अपोलोडोटस या ग्रीक राजांची जुनी नाणी भडोचच्या बाजारात अजून चालतात, हेही तो नोंदवतो. व्यापाऱ्याचे लक्ष जिथे असायचे तिथेच ते आहे.

पण तोच माणूस त्याच मुलखात अलेक्झांडरच्या सैन्याच्या खुणा दिसतात, असेही लिहितो: जुनी देवळे, छावणीचे पाये, मोठाल्या विहिरी. अलेक्झांडर भडोचच्या आसपासही आला नव्हता. जुन्या पडक्या वास्तू त्याने पाहिल्या असतील किंवा कुणी त्याला दाखवल्या असतील. त्यांना जोडलेली कथा मात्र ऐकीव आणि चुकीची. त्याचा निवाडा करताना ही खूणगाठ बांधून ठेवावी. चालू व्यापाराबद्दल तो भरवशाचा आहे, गतकाळाबद्दल नाही. कन्याकुमारीच्या पलीकडे गेल्यावर तर त्याच्या मजकुरात विचित्र चेहऱ्यांची माणसे येऊ लागतात, म्हणजे पाहिलेले संपून सांगोवांगी सुरू होते.

कल्याणचे एक वाक्य

आता कल्याणविषयीचा मजकूर जवळून पाहू. भडोचच्या दक्षिणेच्या बंदरांत तो सोपारा आणि मग कल्याण सांगतो. थोरल्या सारगनाच्या काळात कल्याण कायदेशीर व्यापारपेठ झाली, हे पहिले विधान. सान्दनेसच्या ताब्यात गेल्यापासून तिच्यावर मोठी आडकाठी आली, हे दुसरे. तिकडे योगायोगाने गेलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, हे तिसरे.

तिन्ही विधाने एकाच दमात आली असली तरी त्यांचे वजन सारखे नाही. तिसरे सर्वांत भक्कम. आपले जहाज जप्तीत जाऊ नये म्हणून दुसऱ्या व्यापाऱ्यांना दिलेली ती सूचना आहे. त्यात कुणाची स्तुती नाही, कुणाची कथा नाही. ती खोटी असती तर पुस्तकाचा उपयोगच संपला असता. दुसरे विधान त्याच्या काळातले, म्हणून विश्वासाच्या जवळपास. पण सान्दनेस कोण हे ठरत नाही. काहींनी त्याला पुराणांच्या यादीतला सुंदर सातकर्णी मानले, फ्रेंच अभ्यासक सिल्व्हें लेव्हीने त्याचा संबंध कुषाण कनिष्काशी जोडला. एकाच प्रतीत उरलेल्या एका नावावर इतके मोठे तर्क चढवणे धोक्याचे आहे. पहिले विधान भूतकाळाविषयीचे, आणि भूतकाळात हा साक्षीदार कसा घसरतो ते आपण पाहिले. सारगन म्हणजे सातकर्णी असावा हे बहुतेक मानतात. पण त्या नावाचे सातवाहन राजे एकाहून अधिक होते. कोणत्या सातकर्णीने कल्याण खुले केले, हे या वाक्यावरून सांगता येत नाही.

भडोचला जहाजे नेणारे कोण होते, हेही मजकूर उघड करत नाही. सान्दनेस भडोचच्या राजाचा अंमलदार असेल, तर त्याने आपल्या धन्याच्या बंदराकडे व्यापार वळवला. तो सातवाहनांचा माणूस असेल, तर भडोचच्या आरमाराने त्याच्या बंदराची कोंडी केली. दोन्ही अर्थ बसतात. निर्णयासाठी दुसरा साक्षीदार लागतो.

नाशिकच्या लेण्यांतून उत्तर

हा साक्षीदार घाटावर आहे. नाशिकच्या लेण्यांत क्षहरात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात याने कोरून घेतलेले लेख आहेत. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे सोपारा येथे धर्मशाळा बांधल्या, आणि नद्यांवर फुकट नावांची सोय केली, असे तो सांगतो. त्या नद्यांत पार, दमणगंगा, तापी आणि डहाणूची खाडी येते. सासऱ्याच्या सत्तेखाली नसलेल्या किनाऱ्यावर जावई असा सढळ हाताने दानधर्म करत नाही. म्हणजे भडोचपासून सोपाऱ्यापर्यंतचा किनारा त्या काळी नहपानाच्या हातात होता आणि कल्याण त्याला लागूनच होते. कल्याणकडे वळलेली जहाजे भडोचला नेली जात, हे ग्रीक व्यापाऱ्याचे म्हणणे नाशिकचा लेख सहज पटवून देतो. व्यापाऱ्याला उषवदाताच्या पुण्याशी देणेघेणे नव्हते आणि उषवदाताला ग्रीक जहाजांशी. परस्परांना न ओळखणाऱ्या दोघांची साक्ष अशी जुळते तेव्हा इतिहास पायावर उभा राहतो.

पुढचा अंकही त्याच डोंगरावर कोरलेला आहे. गौतमी बलश्रीचा लेख तिच्या मुलाला, गौतमीपुत्र सातकर्णीला, क्षहरात घराण्याचा उच्छेद करणारा म्हणतो आणि त्याच्या राज्यात अपरान्ताचे, म्हणजे उत्तर कोकणाचे नाव घेतो. हे आईने केलेले मुलाचे गुणगान आहे, म्हणून ते जपून घ्यायला हवे. पण १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभी येथे नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला आणि त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. स्तुतीला धातूची साक्ष मिळाली.

ग्रीक ग्रंथाने दगडाला साह्य केल्याचेही उदाहरण येथेच आहे. नहपानाच्या काळच्या लेखांत ४१ ते ४६ अशी वर्षे येतात. ती शक संवताची धरली तर तो दुसऱ्या शतकाच्या पहिल्या चतुर्थकात येतो. पण ‘पेरिप्लस’मध्ये भडोचच्या राजाचे जे नाव आहे ते बहुतेक अभ्यासक नहपानाचेच मानतात, आणि त्याच ग्रंथात उल्लेखलेला अरबस्तानाकडच्या नबातियाचा राजा मलिकस इ. स. ४० ते ७० या काळात राज्य करत होता. त्यामुळे नहपान पहिल्या शतकातला, आणि ती वर्षे शकाची नव्हेत, या मताला बळ मिळाले. हातच्या प्रतीत राजाचे नाव अशुद्ध आहे हे मात्र विसरू नये. या जोडणीचा सगळ्यांत नाजूक सांधा तोच आहे.

टॉलेमीचे मौन

दुसऱ्या शतकाच्या मध्यात अलेक्झांड्रियाच्या टॉलेमीने जगाचा भूगोल लिहिला. त्यात सोपारा आहे, चौल आहे, पैठण आहे, कल्याण नाही. या मौनाचा अर्थ काय? कल्याण बंद पडले होते असे कुणी म्हणेल. तसे म्हणण्याआधी टॉलेमीची पद्धत पाहावी. तो इकडे कधी आला नाही. आधीचा भूगोलकार मारिनस याचे लेखन आणि खलाशांच्या जबान्या यांवरून त्याने स्थळांचे अक्षांश-रेखांश मांडले. चौलबद्दल तर तेथे जाऊन आलेल्यांच्या सांगण्यावरून आपण मारिनसची चूक दुरुस्त करतो, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. माहितीचा उगम उघड करणारा असा प्राचीन लेखक विरळा. तरीही त्याच्या नकाशात आपला पश्चिम किनारा जवळजवळ आडवा झाला आणि सिंहलद्वीप अवाढव्य फुगले. प्रामाणिक माणसाकडून मोठ्या चुका होऊ शकतात, याचे याहून चांगले उदाहरण नाही.

अशा यादीत एखादे गाव नसणे यावरून ते गाव नव्हते असे ठरत नाही. ग्रीक खलाशी कल्याणला उतरत नसतील तर ते नाव टॉलेमीच्या कानावर आलेच नसेल. त्याच्या मौनावरून ग्रीकांच्या वाटांबद्दल थोडेफार सांगता येते, कल्याणबद्दल नाही.

सपाट पृथ्वीवाला कॉस्मस

तिसरा साक्षीदार वरवर पाहता सर्वांत अविश्वसनीय. सहाव्या शतकाच्या मध्यात कॉस्मस नावाने ओळखल्या जाणाऱ्या अलेक्झांड्रियाच्या ख्रिस्ती लेखकाने पृथ्वी सपाट असून विश्व पेटीच्या आकाराचे आहे, हे सिद्ध करण्यासाठी एक मोठा ग्रंथ लिहिला. त्याच ग्रंथात कल्याण दोनदा महत्त्वाचे म्हणून येते: तेथे इराणहून नेमलेला बिशप आहे असे, आणि तेथून तांबे, शिसवी म्हणता येतील असे ओंडके आणि कापड बाहेर जाते असे.

विश्वरचनेच्या चुकीपायी हे सारे फेकून द्यायचे का? मुळीच नाही. बिशपची बातमी त्याला कुठून मिळाली असेल, हे शोधता येते. त्याचा गुरू मार आबा हा ५४० मध्ये इराणच्या चर्चचा प्रमुख धर्मगुरू झाला. परदेशातल्या बिशपांच्या नेमणुका ज्याच्या गादीकडून होत, त्याच्याशी लेखकाचा थेट संबंध होता. म्हणून वाट पक्की. हेतू मात्र लक्षात ठेवायचा: आपला धर्म जगाच्या टोकापर्यंत पोहोचला, हे त्याला दाखवायचे होते. बिशप होता हे मानावे. ख्रिस्ती वस्ती किती मोठी होती, हे त्याच्या उत्साहावरून ठरवू नये.

मालाची यादी तर आणखी बोलकी आहे. पाचशे वर्षांपूर्वीचा निनावी व्यापारी, भडोचहून इराणी आखाताकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांत तांबे आणि त्याच जातीचे ओंडके असतात, असे लिहून गेला होता. कॉस्मस तोच माल, त्याच दिशेच्या व्यापारात, कल्याणच्या नावावर टाकतो. किनारा तोच, गिऱ्हाईक तेच, माल तोच. फक्त बंदर बदलले.

कॉस्मसचे कल्याण म्हणजे उडुपीजवळचे कल्याणपूर, असाही एक पक्ष आहे. पण तो बंदरे ज्या क्रमाने सांगतो त्यात सिंध, सौराष्ट्र, कल्याण, सिबोर आणि मग मिरीचा मलबार असे येते. सिबोर म्हणजे चौल हे बहुमत धरले, तर चौलच्या आधी येणारे कल्याण उल्हास नदीच्या खाडीवरचेच ठरते. स्वतः कॉस्मस येथे आला होता का, याची खात्री देता येत नाही. त्याच्या बऱ्याच गोष्टी सोपात्रोससारख्या व्यापाऱ्यांकडून ऐकलेल्या आहेत. पण या क्रमासाठी त्याने स्वतः येण्याची गरजही नव्हती.

घरचे साक्षीदार

परदेशी लेखकांच्या या वादात कल्याणची स्वतःची साक्ष बहुधा मागे पडते. ती बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या डोंगरात आहे. तिथल्या ब्राह्मी लेखांत दात्यांचे गाव म्हणून कल्याणचे नाव वारंवार येते. एका पाण्याच्या पोढीवरचा लेख पाहा. कल्याणचा सोनार सामिदत याचे हे दान, एवढाच मजकूर. ना राजाचे नाव, ना वर्ष. खडकात कोरलेली पाण्याची टाकी आणि तिच्यापाशी दात्याचे नाव, गाव, धंदा. असाच दुसरा दाता कल्याणचा लोहार. जुन्नरला लेण्याद्रीच्या चैत्यगृहावर कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोन्यानाण्याचा व्यवहार करणाऱ्याचा, मुलगा सुलसदत याचे नाव आहे. कल्याणची माणसे घाट चढून जुन्नरला पोहोचत होती, इतकेच नव्हे तर तिथे अख्खे चैत्यगृह देण्याइतका पैसा बाळगून होती.

या लेखांना मर्यादा आहेत. दान देणाराच तेवढा बोलतो, न देणारा गप्प. काळ अक्षरवळणावरून ठरवावा लागतो, त्यात पन्नास-शंभर वर्षे इकडेतिकडे होतात. ग्रीक जहाजांबद्दल ते चकार शब्द काढत नाहीत. पण त्यांच्यात नकलकार आलेला नाही. सामिदताचे नाव त्याच्या डोळ्यांदेखत कोरले गेले आणि तेच आज आपण वाचतो. व्यापारी ग्रंथ सांगतो की बंदरावर आडकाठी होती. लेणी सांगतात की शहरात सोनार, लोहार, व्यापारी नांदत होते आणि दाने देत होते. दोन्ही एकत्र वाचले म्हणजे कळते की ग्रीक जहाजांवर कल्याणचे पोट अवलंबून नव्हते. घाटमाथ्याचा माल आणि इराणी आखाताचा व्यापार यांवर शहर चालले असावे, असे मानायला या साक्षी वाट करून देतात.

शोभना गोखले यांनी १९९१ मध्ये कान्हेरीच्या लेखांचे पुस्तक प्रसिद्ध केले, वा. वि. मिराशी यांनी सातवाहन आणि क्षत्रपांचे लेख मराठीत आणले. त्यांच्याही आधी भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये सोपाऱ्याचा स्तूप उकलला. ‘पेरिप्लस’च्या एका वाक्याची आपण जितकी उजळणी केली, त्याच्या निम्मीही या अभ्यासकांच्या कामाची केलेली नाही, याची खंत वाटते.

ठाण्याचा पडताळा

ही कसोटी इतर काळात चालते का, हे ठाण्यावर पाहता येते. १३२१ मध्ये ठाण्यात चार फ्रान्सिस्कन धर्मप्रसारक मारले गेले. त्यांचा सोबती जॉर्डेनस त्या वेळी दुसरीकडे गेला होता. त्याने लवकरच पत्रातून बातमी कळवली. थोड्याच काळाने ओदोरिक नावाचा ख्रिस्ती साधू येथून गेला, मृतांच्या अस्थी सोबत घेऊन गेला आणि १३३० मध्ये इटलीत पादुआला त्याने आपला वृत्तान्त सांगून लिहवून घेतला. त्यात आगीने भक्ताला धक्का लागला नाही, असे चमत्कार आहेत. अस्थी नेल्याची गोष्ट त्याच्या स्वतःच्या हातून घडलेली. चमत्कार परंपरेतून आलेले. शिवाय हाच ओदोरिक ठाणे म्हणजे अलेक्झांडरशी लढलेल्या पोरस राजाचे नगर, असे ठामपणे सांगतो. पोरसाचे राज्य झेलमच्या काठी होते. पहिल्या शतकातल्या व्यापाऱ्याने भडोचला अलेक्झांडर पाहिला, चौदाव्या शतकातल्या साधूने ठाण्याला. परका माणूस अनोळखी भूमीवर आपल्या घरची ऐकीव कथा चिकटवतो, हा दोष बाराशेहून अधिक वर्षांत बदललेला नाही आणि तो ओळखता येतो.

मग कल्याणबद्दल काय म्हणावे?

या सगळ्याचा हिशेब मांडला तर काही विधाने खात्रीने करता येतात. पहिल्या शतकात कल्याण ग्रीक व्यापाऱ्यांना माहीत असलेले, पण त्यांच्यासाठी धोक्याचे झालेले बंदर होते. त्या धोक्यामागे भडोच आणि दख्खन यांच्यातला सत्तासंघर्ष होता. शहरात कारागीर आणि धनिक होते, त्यांचा हात कान्हेरी आणि जुन्नरपर्यंत पोहोचत होता. सहाव्या शतकात येथे इराणशी जोडलेली ख्रिस्ती वस्ती होती आणि तांबे, लाकूड, कापड यांची निर्यात होत होती. सान्दनेस कोण, कल्याण कोणत्या सातकर्णीने खुले केले, टॉलेमीने ते का गाळले, यांवर तर्क करता येतो. निकाल देता येत नाही.

हे चित्र स्मरणिकेतल्या एका वाक्यापेक्षा कमी दिमाखाचे नाही. बंदर अडवले गेले तरी न मोडलेले आणि पाचशे वर्षांनी पुन्हा परदेशी नोंदीत आलेले शहर अधिक अभिमानाचे आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. वाचनाची एवढी जुनी परंपरा असलेल्या शहरांनी आपल्या इतिहासाची साधने अर्धवट का वाचावीत? शाळेच्या भित्तिपत्रकापासून महानगरपालिकेच्या फलकापर्यंत जिथे जिथे ग्रीक जहाजे लिहिली जातात, तिथे त्यांच्यावरचा पहाराही लिहावा, आणि त्यांच्या शेजारी सोनार सामिदताचे नाव यावे. आपल्या शहराबद्दलचा सर्वांत निर्मळ पुरावा त्याने दिला आहे.